बाटलीत तीस, घ्यायच्या एकवीस

माझे काका पिंपळगाव बसवंतला राहतात. त्यांची केमो चालू आहे, पण त्यासाठी ते कुठे ॲडमिट होत नाहीत. रात्री नऊला काकू पाण्याचा तांब्या आणि एक कॅप्सूल पुढ्यात ठेवते, काका ती गिळतात आणि झोपायला जातात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती बीपीची गोळी वाटते.

मी नाशकात मेडिकल चालवते. काकांचं औषध गोळे कॉलनीतल्या औषधांच्या बाजारातून मीच आणते आणि गावी पाठवते. त्यामुळे पहिल्याच महिन्यात जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. बाटली तीस कॅप्सूलची होती. काकूला सोपं जावं म्हणून मी झाकणावर मार्करने लिहिलं, 'रात्री १'. तीन आठवडे उलटून गेल्यावर तिचा फोन आला, "अगं, सहाच राहिल्यात बाटलीत. पुढची लवकर पाठव." तीसातून सहा गेल्या, चोवीस. माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं होतं की एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस बंद ठेवायची. मी ते वाचलं होतं, काकूला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या होत्या. पुढची सायकल, म्हणजे औषधाची पुढची फेरी, आठवडाभर लांबली. मधल्या काळात ताप आला नाही एवढं नशीब. त्या झाकणावर जे मावलं नाही, ते इथे लिहिते.

आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. हाडाच्या पोकळीत जो मऊ मगज असतो, त्याचा हा कॅन्सर. मटणाची नळी चोखणाऱ्यांना मज्जा म्हणजे काय ते वेगळं समजवायला नको. आपलं रक्त तिथे तयार होतं. तिथेच प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी असतात, ज्या जंतूंशी लढणारी प्रथिनं म्हणजे अँटिबॉडी बनवतात. मायलोमात यातल्या एकाच पेशीची पिलावळ बेसुमार वाढते आणि एकाच साच्यातलं, कुठल्याही कामाचं नसलेलं प्रथिन रक्तात ओतत राहते. रिपोर्टवर 'एम प्रोटीन' किंवा 'एम बँड' लिहितात ते हेच. या गर्दीत लाल पेशींना जागा उरत नाही, म्हणून हिमोग्लोबिन घसरतं. हाडं आतून पोखरली जातात, त्यांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं, आणि त्या प्रथिनाने मूत्रपिंडाच्या गाळण्या तुंबतात. काकांची कंबर धरली तेव्हा सगळ्यांनी त्याला द्राक्षाच्या छाटणीचं दुखणं ठरवलं. चार महिने तेल चोळणं चाललं. मणका पिचकल्यावर एमआरआय झाला आणि मग रक्त तपासलं गेलं. बहुतेकांमध्ये हा आजार मुळासकट जात नाही, पण दाबून ठेवता येतो, आणि पुष्कळ जण त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगतात.

काकांच्या कॅप्सूलचं नाव लेनालिडोमाइड. ती सांभाळून का घ्यायची हे कळायला तिच्या आईची गोष्ट माहीत हवी.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. इतकं निर्धोक म्हणून त्याची जाहिरात झाली की गर्भवती बायकांना सकाळच्या मळमळीवरही ते दिलं जाऊ लागलं. मग हात-पाय अर्धवट वाढलेली, काही तर खांद्यालाच पंजा फुटलेली बाळं जन्माला येऊ लागली. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलांना त्याची झळ बसली होती. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक गोळीसुद्धा पुरेशी होती.

असं औषध कायमचं गाडलं जायचं. पण १९६४ साली जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून ते दिलं, आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठी बसल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की बाकी सगळे उपाय थकलेल्या मायलोमातही ते चालतं. त्याच रेणूत थोडा फेरफार करून लेनालिडोमाइड घडवलं. मायलोमासाठी अमेरिकेत त्याला २००६ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे भारतीय कंपन्या ते बनवतात.

ते नेमकं करतं काय, हे कळायला २०१० उजाडलं. जपानी शास्त्रज्ञांना पेशीतलं सेरेब्लॉन नावाचं प्रथिन सापडलं. घंटागाडी येण्याआधी कुठलं सामान टाकायचं त्यावर कुणी खडूने फुली मारावी, तसं सेरेब्लॉनचं काम असतं. फुली पडली की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. लेनालिडोमाइड सेरेब्लॉनला चिकटतं आणि त्याची नजर बदलतं, मग मायलोमाच्या पेशीला जगायला जी प्रथिनं लागतात नेमकी त्यांच्यावर फुल्या पडू लागतात. तीच युक्ती गर्भात उलटते. २०१८ मध्ये कळलं की थॅलिडोमाइडच्या कुळातल्या या औषधांमुळे सॉल-फोर नावाच्या प्रथिनावरही फुली पडते, आणि हात-पाय घडायला ते लागतं. म्हणजे गुण आणि धोका एकाच दाराने आत येतात, एकाला घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवता येत नाही.

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. तरी गेल्या वर्षी काकांच्या घरी गेले तेव्हा डोळ्यांसमोर काय दिसावं? माझी चुलत बहीण सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली, पाय पसरून बसलेली, मांडीवर बाबांचा गोळ्यांचा डबा. सोमवार ते रविवार असे कप्पे असतात तो. लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल एकेक करून ती कप्प्यांत टाकत होती. आईचे डोळे अधू, म्हणून लेक मदत करत होती. तिला काय बोलणार? डबा काढून घेतला, साबणाने हात धुवायला लावले, तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. कॅप्सूल अखंड होत्या आणि हात-पाय घडायचा काळ केव्हाच मागे पडला होता, त्यामुळे तिला फारसं काही होण्यासारखं नव्हतं. बाळ झालं, ठणठणीत आहे. पण नियम असा की गर्भवती बाईने, किंवा जिला दिवस राहू शकतात अशा बाईने या कॅप्सूलला हात लावायचाच नाही. खरी भीती पहिल्या आठवड्यांची असते, जेव्हा तिला स्वतःलाही कळलेलं नसतं. घरात नवी सून असेल तर तिला हे आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा.

कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, पूड करून केळ्यात कालवायची नाही. फुटलीच तर हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसायचं, अंगाला लागलं असेल तर साबण-पाण्याने धुवायचं. औषध घेणारी बाई मूल होण्याच्या वयाची असेल तर सुरू करण्याआधी दिवस राहिलेले नाहीत ना हे बघणाऱ्या दोन चाचण्या आणि पक्की गर्भनिरोधक साधनं लागतात, औषधाच्या आधी चार आठवड्यांपासून ते बंद झाल्यावर चार आठवड्यांपर्यंत. पुरुषांच्या वीर्यातही औषधाचा अंश उतरतो, म्हणून निरोध वापरायचा, नसबंदी झालेली असली तरी. साठीच्या काकांना हे सांगताना आम्ही दोघंही पंख्याकडे बघत होतो. पण सांगितलं.

आता त्या एकवीस आणि सातकडे येते.

हे औषध मायलोमाच्या पेशींबरोबर मज्जेतल्या चांगल्या पेशींनाही दाबतं. एकवीस दिवस दाबल्यावर सात दिवस मोकळे सोडले की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट डोकं वर काढतात. त्यामुळे न घेण्याचे सात दिवसही उपचारातच मोडतात. अठ्ठावीसला सातने भाग जातो, याचा एक फायदा आहे. पहिली सायकल सोमवारी सुरू झाली की पुढची प्रत्येक सायकल सोमवारीच सुरू होते, रक्ताच्या रिपोर्टसाठी किंवा इतर कशासाठी ती लांबली नाही तर. काकूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता तीन आठवडे टिकलीची खूण असते आणि चौथ्या आठवड्यावर आडवी रेघ. सगळ्यांचं वेळापत्रक असंच नसतं. काहींना कमी ताकदीची गोळी रोज, सुट्टी न घेता दिलेली असते, विशेषतः मज्जा प्रत्यारोपणानंतर. म्हणून दुसऱ्याच्या घरचं कॅलेंडर बघून आपलं ठरवू नका.

एखाद्या रात्री विसरली तर बारा तासांचा हिशोब धरायचा. काकांची वेळ रात्री नऊची. सकाळी सहाला आठवलं तर घ्यायची. सकाळी अकराला आठवलं तर ती सोडून द्यायची आणि रात्री नेहमीसारखी एकच घ्यायची. दोन एकदम कधीच नाहीत. राहिलेली गोळी बाविसाव्या दिवशी आपल्या मनाने जोडायचीही नाही.

सुट्टी फक्त त्या एका कॅप्सूलला असते. काकांना आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे, आणि ते चौथ्या आठवड्यातही घ्यायचं असतं. रक्त गोठू नये म्हणून दिलेली अॅस्पिरिन रोजची. 'औषध बंद' असं म्हटलं की घरातले सगळे डबे बंद होतात, हा माझा काउंटरवरचा नेहमीचा अनुभव.

डेक्साची वेगळीच तऱ्हा. काकांचा डोस चाळीस मिलिग्रॅम, आणि हाताशी असते चार मिलिग्रॅमची गोळी. म्हणजे एका सकाळी दहा गोळ्या. काकूने पहिल्यांदा त्या दहा बारक्या गोळ्या बशीत मांडल्या तेव्हा तिचा विश्वासच बसेना, तिने दोनच दिल्या. याउलट आठवड्याची दहाची चळत कुणी रोज घेऊ लागलं तर साखर, बीपी, डोकं, सगळं हाताबाहेर जातं. त्यात बाजारात अर्ध्या मिलिग्रॅमचीही गोळी मिळते. चिठ्ठीवर 'दहा गोळ्या' लिहिलेल्या असतील तर कुठल्या ताकदीच्या, हे स्ट्रिपवर वाचल्याशिवाय घेऊ नका. डेक्सा सकाळी पोटभर नाश्ता करून घ्यायची. संध्याकाळी घेतली की रात्रभर माणूस टक्क जागा राहतो. काका गुरुवारी उपवास धरतात, म्हणून आम्ही वार मंगळवार ठरवला, आणि नेमकी अंगारकी आली तर सकाळी पोहे खाऊनच चतुर्थी होते. मधुमेह असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी साखर चढणार हे गृहीत धरून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं.

द्राक्षांचं आता सांगते. फेब्रुवारीत, बागेत माल लगडलेला असताना काकांनी द्राक्ष खाणं सोडलं. शेजारच्या एका पोराने मोबाईलवर वाचून दाखवलं होतं, कॅन्सरच्या गोळ्यांवर ग्रेपफ्रूट चालत नाही. पिंपळगावच्या बागायतदाराने 'ग्रेप' ऐकलं आणि विषय संपला. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या कुळातलं आंबट फळ. ते शरीरात औषध मोडणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे काही औषधांचा साठा रक्तात वाढतो, रक्ताच्या कॅन्सरच्या काही दुसऱ्या गोळ्यांचासुद्धा. लेनालिडोमाइडचा मोठा भाग मात्र न मोडताच लघवीवाटे बाहेर जातो. द्राक्षं खा, फक्त नीट धुऊन.

आता 'लघवीवाटे' या शब्दाशी जरा थांबते. औषध बाहेर काढायचं काम मूत्रपिंडांचं, आणि मायलोमा अनेकदा त्यांच्यावरच घाव घालतो. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा रक्तातला आकडा, बघून डोस ठरतो. नेहमीचा पंचवीस मिलिग्रॅमचा डोस मूत्रपिंडं मंदावलेली असली तर दहावरही आणतात. डोस कमी केला म्हणजे आजार बरा झाला किंवा डॉक्टरांनी आशा सोडली, असले अर्थ काढायचे नाहीत. आणि पाठ दुखते म्हणून माझ्यासारख्याच्या दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या नेऊ नका. या आजारात त्या मूत्रपिंडांना भोवतात. दुखण्यावर कोणती गोळी चालेल ते आधीच लिहून घ्या. पाणी भरपूर प्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मोजून दिलेलं नसेल तर.

काढे, चूर्णं, 'शक्तीची' पुडी यांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवू. माझी अडचण साधी आहे: पेशी घसरल्या किंवा यकृताचे आकडे वाढले तर दोष कुणाचा हेच कळेनासं होतं, आणि मग कामाची गोळी थांबवावी लागते. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

दोन गोष्टींना मात्र सकाळची वाट बघायची नाही. पहिली म्हणजे ताप. पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला की पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, डॉक्टरांना फोन करून त्याच रात्री निघायचं. गोळीने ताप उतरतो, जंतू आत तसेच राहतात. घरात थर्मामीटर असू द्या. कपाळावर हात ठेवून सांगितलेला ताप फोनवर कुणाच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची गुठळी. लेनालिडोमाइड आणि डेक्सा एकत्र आले की शिरांत रक्त गोठण्याची शक्यता चांगलीच वाढते. म्हणून अॅस्पिरिन, आणि ज्यांना धोका जास्त त्यांना रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी किंवा पोटात टोचायचं इंजेक्शन. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली, किंवा एकाएकी दम लागून छातीत कळ आली, तर तडक दवाखाना. दुसरं मत घ्यायला मुंबईला जाताना काका पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी गप्प बसून राहायचे. आता इगतपुरीला आणि कल्याणला काकू त्यांना उठवून डब्यात एक फेरी मारायला लावते. दात काढायचा म्हणून कुणी अॅस्पिरिन थांबवायला सांगितलं तर आधी रक्तविकाराच्या डॉक्टरांना विचारा. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल तर दाताच्या कामाआधी विचारायचं आणखी एक कारण आहे, कारण त्याने जबड्याच्या हाडाची जखम भरायला त्रास होऊ शकतो.

बाकीचा त्रास, म्हणजे डोक्यात खाज, पायात गोळे, थकवा, कधी बद्धकोष्ठ आणि काही महिन्यांनी जुलाब, हा सांगितला तर बहुतेक वेळा आटोक्यात येतो. जुलाब पित्तरसामुळे असू शकतात आणि त्यावर वेगळं औषध असतं. पण अंगभर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, कातडी सोलू लागली तर पुढची कॅप्सूल न घेता आधी फोन.

मायलोमाची दुसरीही तोंडी औषधं आहेत आणि त्यांचे नियम निराळे. पोमॅलिडोमाइड ही लेनालिडोमाइडची धाकटी बहीण, गर्भाबद्दलची सगळी बंधनं तिलाही आहेत. शिवाय जुलाबावर सर्रास घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन तिचा रक्तातला साठा वाढवते. इक्झाझोमिब आठवड्यातून एकदाच, तीन आठवडे, आणि तेही रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी निदान एक तास किंवा नंतर दोन तासांनी. डेक्सा भरल्या पोटी घ्यायची असल्याने दोन्ही एका घोटात घेता येत नाहीत.

पैशांचं कोडं प्रत्येक घराचं वेगळं. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर नाही.

काकांचा डोस पंचवीसवरून दहावर आला तेव्हा जुन्या बाटलीत नऊ कॅप्सूल उरल्या होत्या. काकूला त्या टाकवेनात. ओझरच्या एका ओळखीच्या माणसाला हाच आजार, त्याच्या मुलाने त्या मागितल्याही होत्या. "एवढ्या महागाच्या, कुणाच्या तरी उपयोगी पडतील," काकू म्हणाली. त्या माणसाचं क्रिएटिनिन किती, पेशी किती, घरात कोण गरोदर आहे का, यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी बाटली पिशवीत बांधून नाशकाला आणली आणि जिथून औषध लिहून मिळतं त्या रुग्णालयाच्या फार्मसीत जमा केली. कचऱ्यात किंवा मोरीत टाकायची ती वस्तू नाही. नव्या बाटलीतही तीसच आहेत, म्हणून आता एकवीस वेगळ्या छोट्या डबीत मोजून देते. उरलेल्या नऊ माझ्याकडे, पुढच्या सायकलचा रिपोर्ट येईपर्यंत.